गुणदृष्टी
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'विचारांचे सामर्थ्य' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना एक अट घातली. मनात मोटार धरा म्हणजे दारात मोटार येईल, अशा तऱ्हेचे जे काही हल्ली या नावाखाली खपते, ते मी बोलणार नाही. आपल्या धर्मग्रंथांनी विचाराला मोठे बळ मानले आहे खरे, पण ते वस्तू मिळवण्याचे बळ नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की माणूस हा श्रद्धेचा बनलेला आहे. ज्याची जशी श्रद्धा, तसा तो. म्हणजे मी दिवसभर मनात जे घोळवीन, तीच मी होत जाणार. शेजारणीचे दोष मी वर्षभर मोजले, तर तिचे काही बिघडत नाही. माझ्या मनात मात्र वर्षभर दोषांचे बिऱ्हाड राहते, आणि ते भाडेही देत नाही!

यावर पतंजलींनी योगसूत्रांत उपाय सांगितला आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवान माणसाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पापी माणसाविषयी उपेक्षा, या चार भावना जोपासल्या की चित्त निर्मळ होते. यांतली करुणा आपल्याला सोपी जाते. कोणाकडे दुखणे आले की डबा घेऊन धावणाऱ्या बायका या सभेतच पुष्कळ निघतील. कठीण ती मुदिता. जिच्या घरी डबा नेला, तिच्याच सुनेने उद्या मोठी पदवी मिळवली, की पेढा हातात घेताना आपल्या तोंडून निघते, "बरे झाले हो, पण घराकडे कोण बघते?" त्या 'पण'मध्ये सगळी साधना वाहून जाते. आणि उपेक्षा म्हणजे तिरस्कार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. वाईटाला मनात पाट मांडून बसवायचे नाही, एवढाच तिचा अर्थ.

आपली आळंदी इथून जवळ. संन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना गावाने वाळीत टाकले, त्यांतल्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरील टीका पुरी करताना देवाजवळ काय मागितले? दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे वाकडेपण तेवढे जावे, असे मागितले. ज्यांनी छळले त्यांच्यातही वाकडेपणाखाली काही सरळ आहे, हे गृहीत धरल्यावाचून असे मागणेच करता येत नाही. परंपरा असेही सांगते की एकदा अपमानाने खिन्न होऊन त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली, आणि ती उघडायला लावली ती धाकट्या मुक्ताबाईने. घरातल्या सर्वांत लहान मुलीने थोरल्या ज्ञानी भावाला रागातून बाहेर काढावे, हे मला फार मोलाचे वाटते.

परंतु भगिनींनो, विचाराचे बळ एकट्या माणसापुरते नसते. सगळा समाज पिढ्यान्‌पिढ्या एकच वाईट विचार करीत राहिला, तर काय होते याचे उदाहरण आपल्या पुण्यातच, आपल्याच आज्या-पणज्यांच्या घरांत घडले आहे. विधवेला अशुभ मानले गेले. हा निव्वळ विचार. त्याला ना वजन, ना आकार. पण त्याने किती बाळविधवांचे केस उतरवले, त्यांना आलवण नेसवून माजघराच्या अंधारात बसवले आणि मंगलकार्यात दाराआड उभे केले! कैक जणी स्वतःच स्वतःला अपशकुनी समजू लागल्या. विचाराचे सामर्थ्य ते हे.

आणि त्याला उलटा विचार पुरून उरतो, हेही याच शहराने पाहिले. रमाबाई रानडे यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. १८७३ साली अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या. पतीने शिकवायला घेतले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमण्यांना आरंभ केला. इंग्रजी शिकू लागल्यावर तर विचारूच नका. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या त्यांच्या पुस्तकात हे सारे आले आहे. मला नवल वाटते ते हे की, इतके सोसूनही त्या लिहिण्यात त्या बायकांविषयी कडवटपणा जाणवत नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही अलीकडे होत्या. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग बाहेर पडल्या त्या तुरुंगातल्या स्त्रीकैद्यांना भेटण्यासाठी, इस्पितळातल्या रोग्यांना फुले-फळे देण्यासाठी. कैदी बाईत काय पाहायचे? गुन्हा तर न्यायालयाने पाहिलेलाच असतो. उरलेली बाई पाहायला कोणी तरी जावे लागते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या स्त्रियांना ससून इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणे म्हणजे विटाळ, अशी समजूत असलेल्या त्या काळात ज्यांना घरात कोणी सकाळी तोंड दाखवू देत नव्हते, त्यांच्याच हातांची रोगी वाट पाहू लागले. बाई तीच, तिच्याकडे पाहणारी दृष्टी बदलली.

रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. एका वार्षिक संमेलनात केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातले विद्यार्थी हसू-ओरडू लागले. समारोपाला उठल्यावर रमाबाईंनी त्यांना खडसावून विचारले की, तुम्हांला सुशिक्षित म्हणायचे तरी कसे? अशी बहीण, आत्या किंवा आई तुमच्या घरात नाही काय? ते ऐकून मुले चूप बसली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. दुसऱ्यात चांगले पाहावे असे म्हटले की कित्येकींना वाटते, म्हणजे मुकाट्याने सोसावे. मुळीच नाही! ज्या घरी बाईवर हात उगारला जातो, तिथे जाऊन तिला 'नवऱ्याचे गुण बघ' म्हणणारी अध्यात्म सांगत नसते, ती अन्यायाला टेकू देत असते. रमाबाईंनी त्या मुलांना चांगले फटकारले, पण हाक मारली ती त्यांच्यातल्या भावाला आणि लेकाला. तो आत असेल, असा भरवसा नसता तर नुसते हाकलून दिले असते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तशी खात्री मला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे थांबवायला रमाबाईंच्या निधनानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी ठराव करावा लागतो! आपण शहरातल्या बायका पेपरात हे वाचून गावाचे कौतुक करतो.

आता मी पाहुणी आहे, म्हणून थोडे धजून बोलते. अध्यक्षबाईंनी क्षमा करावी. आज व्यासपीठावर यायच्या आधी मी मंडळाच्या सभासदांची वही चाळली. चिटणीसबाईंनी गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादीही दाखवली. वहीतली काही नावे यादीत नाहीत. ती नावे कोणाची, हे मी विचारले नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. या बायका वर्गणी वेळेवर भरतात, भोंडल्याला खिरापत करून आणतात. आजच्या समारंभाची साखरभाताची पातेली सकाळपासून त्यांतल्याच दोघींनी सांभाळली आहेत, असे मला स्वयंपाकघरात कळले. वाण द्यायच्या दिवशी मात्र त्या आपण होऊनच घरी राहतात, म्हणजे आपल्याला काही बोलावे लागत नाही.

संक्रांत अजून लांब आहे आणि यंदाची यादी लिहायची आहे. चिटणीसबाई म्हणतात, वहीवरून उतरवायला त्यांना अर्धा तास पुरेल. फक्त कार्यकारिणीने हो म्हणायला हवे. कार्यकारिणीच्या सगळ्याजणी पहिल्या रांगेत बसल्या आहेत.