राहिलेली उधारी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'मोठ्या, वाढत्या देशात उद्योग कसा चालवतात, ते पाच मिनिटांत सांग,' असं संयोजकांनी फर्मावलं आहे. माझी सारी नोकरी वाहनांचे सुटे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात, खरेदी विभागात गेली. तिथे जे पाहिलं, तेच सांगते.

भारत काय, चीन काय, मोठा कारखाना एकटा काहीच बनवत नाही. आमचे बुश, पिना, रबरी वायसर भोसरीतल्या आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपमधून यायचे. ही मंडळी लोखंड रोखीनं घेतात, कामगारांचा पगार वेळेवर करतात आणि आमच्याकडून पैसे यायची वाट पाहतात. बँक मोठ्याला स्वस्तात कर्ज देते, लहानाला महाग. तरी मोठा उसनं घेतो ते लहानाकडूनच!

खरेदीप्रमुख झाल्यावर मी पैसे देण्याची मुदत ६० दिवसांवरून १२० वर नेली. कंपनीची रोकड वाढली, माझं कौतुक झालं, दिवाळीआधी घसघशीत बोनस मिळाला. त्याच आठवड्यात बुश पुरवणारे एक काका भेटायला आले. भांडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, बिल कधी निघेल तेवढं सांगा. सोनाराला तारीख द्यायचीय." कामगारांच्या बोनससाठी त्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते.

कायदा मला माहीत होता. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण ज्याला पुढची ऑर्डर हवी, तो तक्रार कशी करणार? आता प्राप्तिकराच्या नव्या नियमामुळे मुदतीत न दिलेल्या पैशांची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, तेव्हा कंपन्या जाग्या झाल्या. चीनमधल्या मोठ्या मोटार कंपन्यांनीही जून २०२५ मध्ये पुरवठादारांना ६० दिवसांत पैसे देऊ, असं जाहीर केलं.

मी वरिष्ठांशी दोन वर्षं वाद घालून लहान पुरवठादारांची मुदत ४५ दिवसांवर आणली. तोवर काकांनी वर्कशॉप विकलं होतं.

शाळेच्या फाटकाशी बोरं-चिंचा विकणाऱ्या मावशी आठवतात? उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आपले सर वर्गात विचारायचे, "मावशींची उधारी कुणाकुणाची राहिलीय? हात वर करा." आणि ती फेडून आल्याशिवाय वर्गात घ्यायचे नाहीत. व्यवस्थापनाचा याहून मोठा धडा मला पुढे कुणी शिकवला नाही, आणि नेमका तोच मी विसरले.

तुमच्यातले कितीतरी जण आज बिलांवर सह्या करतात. लहान माणसाचं बिल आलं की ते आधी काढा, एवढंच मागणं आहे.

सर, तुम्ही समोर बसला आहात. माझी उधारी राहिली आहे. हात वर करते.