मोठ्या वयाचा विद्यार्थी आणि दुसऱ्या वर्षाची भिंत

श्रोतेहो, ज्याच्या हातची अक्षरे बाजारपेठेतील दुकानांवर वर्षानुवर्षे मिरवली आणि ज्याचा कुंचला पुढे फ्लेक्सच्या छपाईने बेकार केला असा चाळिशीकडे झुकलेला एखादा पेंटर. मुले मार्गाला लागल्यावर, लग्नाआधी दिलेल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचा दाखला ट्रंकेच्या तळातून काढून पुन्हा निरखणारी एखादी गृहिणी. किंवा छापखान्यात रोज दुसऱ्यांचा मजकूर बसवता बसवता, याहून बरी मांडणी आपण करू शकू अशी ज्याची खात्री होत चालली आहे असा एखादा डीटीपीवाला. अशा मंडळींच्या मनात उपयोजित कलेचे रीतसर शिक्षण घ्यावे असे आले, तर त्यांनी महाविद्यालय कसे निवडावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

कला शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात अशी प्रौढ माणसे अर्जाचा नमुना हातात घेऊन कचेरीच्या दाराशी संकोचाने उभी असलेली मी पाहत आलो. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: नाव मोठे कोणाचे, इमारत कोणाची चांगली, नोकरी लागते का. जो प्रश्न विचारायला हवा तो कोणीच विचारीत नाही, म्हणून मी तो येथे सांगतो आणि वेळ शिल्लक राहिल्यास पुन्हा सांगेन. संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनास जावे आणि दुसऱ्या वर्षाची भिंत पाहावी. चौथ्या वर्षाची नव्हे, दुसऱ्या.

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहावयास जाणारा जाणता मनुष्य ओटीवरच्या गाद्यागिरद्यांना भुलत नसे. पाणी पिण्याच्या निमित्ताने तो माजघरापर्यंत जाई, परसदारी विहिरीला पाणी किती आहे हे नजरेने मोजी आणि मुख्यतः मधल्या सुनेकडे पाही. कारण थोरली सून मानाने मिरवते, धाकटीचे अजून कौतुक चाललेले असते, आणि घराची खरी रीत मधलीच्या चेहऱ्यावर उमटलेली असते. महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक ही ओटी होय. चौथे वर्ष ही थोरली सून. तिच्या अंगावर पाहुण्यांसाठी निवडून घातलेले दागिने असतात, आणि त्यांतले काही माहेरचेही असतात, म्हणजे ते कसब विद्यार्थी येतानाच घेऊन आलेला असतो. पहिल्या वर्षाकडून कोणी फारशी अपेक्षा धरीत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सामान्य विद्यार्थ्याचे या घरात काय होते, हे पाहावे. कारण श्रोतेहो, तुम्ही तेथे सामान्य विद्यार्थी म्हणूनच जाणार आहात, आणि तेही अठरा वर्षांच्या मुलांच्या पंक्तीत बसून.

त्या भिंतीवर पाहावे काय? अक्षरांकनाचे तक्ते ओळीने लावलेले असतील, तर सगळे एकाच हातचे दिसतात का, ते प्रथम पाहावे. दिसत असतील, तर तेथे मास्तर विद्यार्थ्याच्या कागदावर आपलाच हात चालवतात असे समजावे. देवनागरी अक्षर शिकवले आहे, की रोमन अक्षराच्या डोक्यावर नुसती शिरोरेषा ओढली आहे, हे पाहावे. ज्या महाराष्ट्रात र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेसाठी आयुष्य वेचले, तेथील उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला वेलांटीची जागा समजू नये ही गोष्ट मला व्यक्तिशः असह्य वाटते. आणि एकाच वेष्टनाचे कच्चे आराखडे, पहिला, दुसरा, फसलेला, दुरुस्त केलेला, असे शेजारी शेजारी लावण्याचे धैर्य एखाद्या संस्थेने दाखवले असेल, तर पुढचा विचार न करता तिच्या कचेरीत जाऊन अर्जाची मुदत विचारावी.

कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या चित्रकार बाबूराव पेंटरांनी कोणत्या महाविद्यालयाची भिंत पाहिली होती? हा सवाल मला नेहमी ऐकावा लागतो. बाबूराव कारागिराच्या घरात जन्मले, आनंदरावांसारखा भाऊ जोडीला होता, आणि नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्या दोघांनी एकमेकांना घडवले. ज्याच्या घरीच कार्यशाळा आहे त्याने महाविद्यालयाची फिकीर न केली तरी चालेल. इतरांनी बाबूरावांचे नाव पुढे करून आळस झाकू नये.

नावाविषयी दोन शब्द. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालचे; तेथे व्यावसायिक कलेचा वर्ग 1935 साली निघाला, आणि 1961 साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि तेथेही भिंत पाहूनच जावे.

वयाची अट मात्र अर्जाआधी तपासावी, भरल्यानंतर नव्हे. बारावीनंतरच्या डिझाइन पदवीसाठी आयआयटी मुंबईतर्फे जी यूसीईईडी परीक्षा होते, तिला जन्मतारखेची अट आहे, आणि तीत आपल्यासारख्यांचा निभाव लागत नाही. परंतु पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीच्या सीईईडी परीक्षेला वयाची अट नाही आणि ती कितीही वेळा देता येते. तेव्हा ज्यांच्यापाशी कोणत्याही विषयाची तीन वर्षांची पदवी आहे, त्यांनी पुन्हा बारावीच्या मुलांच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी या दाराकडे एकदा पाहावे. ही गोष्ट अनेक पदवीधर गृहिणींना ठाऊकच नसते, आणि घरातली शिकलेली मंडळी त्यांना ती सांगत नाहीत, याचा मला राग येतो. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा सराव आजच सुरू करावा. वर्षानुवर्षे न धरलेली पेन्सिल आठवड्याभरात वळत नाही.

दिवसभर नोकरी करणाऱ्याने वेळापत्रक मागून घ्यावे. पदवीचे अभ्यासक्रम बहुधा दिवसभराचे असतात. आणि काही ठिकाणी व्याख्यानांचे तास संपताच कार्यशाळेला कुलूप लागते. हे कुलूप कोणत्या वेळी लागते, याची चौकशी शिपायाकडे करावी, प्राचार्यांकडे नव्हे. माजघरापर्यंत जावे असे मी म्हणालो ते याचसाठी. आणि पुन्हा सांगतो, कारण काहींनी रेडिओ आत्ताच लावला असेल: दुसऱ्या वर्षाची भिंत.

शुल्काविषयी मला सविस्तर बोलावयाचे होते, पण काचेपलीकडून हात वर झालेला दिसतो. माहितीपत्रकातल्या आकड्यात कागद, रंग, छपाई आणि संगणक यांचा खर्च बहुधा धरलेला नसतो; तो तेथल्या एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारावा, त्यास तो पैशापर्यंत ठाऊक असतो. परगावाहून येणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळण्याची अडचण, ही तर एक निराळीच... ते आता राहू द्या.