जॅकेट शाबूत, ॲप बंद

आजचा भाग कपड्यांवर आहे. फॅशन टिप्स नाहीत, घाबरू नका. विषय आहे स्मार्ट कपडे, म्हणजे बाहीवरून हात फिरवला की गाणं बदलतं, असले. मला त्यातल्या एकाच जॅकेटबद्दल बोलायचंय, कारण त्याची जन्मापासून शेवटापर्यंतची कुंडली आता आपल्यासमोर आहे.

२०१५ मध्ये गूगलने ‘प्रोजेक्ट जकार्ड’ जाहीर केला. नाव घेतलं जकार्ड मागावरून. नक्षी विणायचं हे तंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलं, आणि आज आपल्या येवल्यात पैठणीच्या मागांवरही जकार्ड बसवलेला दिसतो. गूगलची कल्पना मला अजूनही भारी वाटते: धातूची अगदी बारीक तार साध्या सुतात गुंफायची, म्हणजे तो धागा नेहमीच्याच मागावर विणता येतो. कारखाना बदलायला नको!

२०१७ मध्ये लिव्हाईजबरोबर जॅकेट आलं, खास सायकलवाल्यांसाठी. डाव्या कफमध्ये हे धागे, आणि कफला अडकवायचा एक छोटा टॅग. त्यात बॅटरी आणि ब्लूटूथ. कफवर हात फिरवा, गाणं पुढे. फोन खिशातच. किंमत ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे बावीस-तेवीस हजार रुपये. आणि धुवायचं किती वेळा? टॅग काढून दहा वेळा. (जीन्स सहा महिन्यांनी धुणाऱ्यांनो, हसू नका, तुमची पाच वर्षं निघाली असती.) २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९८ डॉलरपासून.

आणि एप्रिल २०२३ मध्ये गूगलने त्याचं ॲपच बंद केलं.

आता बघा, जॅकेट फाटलं नव्हतं. धागेही शाबूत. पण ॲप नाही म्हटल्यावर तो कफ नुसता कफ. चांगलं डेनिम दहा वर्षं सहज टिकतं, धाकट्या भावाला जातं. इथे पहिल्या आवृत्तीला साडेपाच वर्षं मिळाली, दुसरीला जेमतेम साडेतीन!

नायकेच्या ‘अडॅप्ट’ बुटांचं थोडं बरं झालं. ते आपोआप घट्ट होणारे बूट. २०२४ मध्ये त्यांचंही ॲप स्टोअरमधून गेलं, पण बुटावरच बटणं आहेत. ती दाबून बूट अजून आवळता येतो, सैल करता येतो.

म्हणून स्मार्ट काहीही घेताना मी दुकानदाराला एकच विचारतो, “दादा, ॲप बंद पडलं तर यातलं काय चालेल?” सेन्सर किती, कलर किती, ते नंतर. थंडीत बाईकवर घालायची गरम होणारी जॅकेटं मिळतात ना, त्यातली बरीच साध्या यूएसबी पॉवरबँकवर चालतात आणि छातीवर एक बटण असतं. दिसायला काही खास नाहीत, पण कंपनी उद्या गुंडाळली तरी पॉवरबँक कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते.