शेजारच्या बेटावरचा सिनेमा



 चित्रपट मंडळांच्या संमेलनाच्या व्यासपीठावरून अध्यक्षानं मराठी चित्रपटाच्या प्रकृतीची विचारपूस करावी, अशी रीत आहे. ती आज मी थोडी बाजूला ठेवतो आणि श्रीलंकेच्या चित्रपटाविषयी बोलतो. त्यामागे कारण आहे. आपल्या मंडळांनी इराणचे, पोलंडचे, जपानचे चित्रपट दाखवले, त्यांवर रात्री उशिरापर्यंत वाद घातले. पण रामेश्वरमपलीकडची समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की जो देश लागतो, त्याचे चित्रपट आपल्यापैकी किती मंडळांनी दाखवले? सव्वादोन कोटींच्या आसपास वस्तीचा हा देश. त्यातले सिंहली बोलणारे मराठी भाषकांच्या पाचव्या हिश्शाच्या आत-बाहेर. एवढ्या माणसांच्या बळावर त्यांनी एक चित्रपटसृष्टी उभी केली आणि तिच्यातून जगानं मान तुकवावी असे दिग्दर्शक दिले. लहान देशाच्या सिनेमाच्या डोक्यावर नेहमी एखाद्या मोठ्या शेजाऱ्याची सावली असते. लंकेच्या बाबतीत तो मोठा शेजारी आपण आहोत. म्हणून हा विषय परदेशाचा नाही, आपल्या वागणुकीचा आहे असं मी मानतो.

पहिला सिंहली बोलपट ‘कडवुणु पोरोन्दुव’ २१ जानेवारी १९४७ रोजी प्रदर्शित झाला. तो तयार झाला मदुराईच्या स्टुडिओत. निर्माते एस. एम. नायगम दक्षिण भारतातले, दिग्दर्शक ज्योतिष सिंग हेही भारतीय. मूळ नाटक मात्र कोलंबोच्या रंगभूमीवर गाजलेलं, बी. ए. डब्ल्यू. जयमान्न यांचं. नायिका रुक्मिणी देवी ही कोलंबो चेट्टी घराण्यातली मुलगी, आणि सिंहली प्रेक्षकांनी तिला आयुष्यभर डोक्यावर घेतलं. पुढची जवळजवळ दहा वर्षं हाच रिवाज चालला. नटमंडळी लंकेहून जहाजानं, आगगाडीनं दक्षिण भारतात यायची. रंगवलेल्या पडद्यांपुढे लंकेतलं खेडं उभं राहायचं. हिंदी-तमिळ गाण्यांच्या चालींवर सिंहली शब्द बसवले जायचे. त्या काळात आपल्या लता मंगेशकरांनीही सिंहलीत गाणं म्हटलं, १९५५ च्या ‘सेद सुलंग’साठी. या चित्रपटांना लोकांनी भरभरून गर्दी केली, त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. भाषा पहिल्यांदा पडद्यावर ऐकू आली, याचा आनंद किती मोठा असतो ते आपल्याला सांगायला नको. पण त्या पडद्यावर लंकेची माती नव्हती, ऊन नव्हतं, माणसांची चाल नव्हती.

ती आणली लेस्टर जेम्स पेरीस यांनी. सरकारी फिल्म युनिटमध्ये ते माहितीपट करत होते. त्या कामानं त्यांना खेडी दाखवली, शेतं दाखवली, आणि कॅमेरा स्टुडिओबाहेर नेता येतो हा विश्वास दिला. मग छायाचित्रकार विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस तोटवत्ते यांच्यासह ती नोकरी सोडून त्यांनी ‘रेखाव’ केला. १९५६ सालचा हा चित्रपट. सेना नावाचा खेड्यातला मुलगा. गावात आलेला एक भटका कलावंत त्याचा हात पाहून सांगतो की हा मोठा वैद्य होणार. पुढे त्याच्या स्पर्शानं एका मैत्रिणीची गेलेली दृष्टी परत येते, आणि बाप त्या स्पर्शाचा धंदा मांडतो. एक मूल दगावतं, पाऊस लांबतो, आणि कालपर्यंत पाया पडणारं गाव त्या पोरावर उलटतं. सगळं चित्रण स्टुडिओबाहेर, खऱ्या झाडांखाली. १९५७ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत तो दाखवला गेला. घरच्या तिकीटखिडकीवर मात्र चालला नाही. मदुराई-मद्रासच्या चालीवर वाढलेल्या प्रेक्षकाला स्वतःचंच गाव परकं वाटलं. मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर आला ‘गम्पेरलिय’. मार्टिन विक्रमसिंह यांची १९४४ सालची ही कादंबरी, दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खानदानी घराच्या ओहोटीची. जुना जमीनदारी मान टिकवू पाहणारं घर, त्या घरातली नंदा, आणि तिच्यावर जीव असूनही घराण्याच्या पायरीवरून परत पाठवला गेलेला शिक्षक पियल. पुण्या हींदेनिया आणि हेन्री जयसेन यांनी या भूमिका केल्या. संकलन सुमित्रा पेरीस यांचं. चित्रण खऱ्या जुन्या वाड्यात झालं, पडद्यावर नाचगाणी आली नाहीत. नंदाचे आई-बाप पियलला नकार देतात त्या प्रसंगात कोणी आवाज चढवत नाही. खुर्च्यांची मांडणी, दारात थबकलेली मुलगी, एवढ्यावर सगळं कळतं. आपल्याकडच्या कोकणातल्या किंवा देशावरच्या पडत्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला त्या घराची ओळख करून द्यावी लागणार नाही.

१९६५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तो पहिल्यांदाच स्पर्धात्मक होता, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सत्यजित राय होते, आणि पहिला सुवर्णमयूर ‘गम्पेरलिय’ला मिळाला. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात भरतो, आपल्यातले कित्येक जण दर नोव्हेंबरला पणजीला रांगा लावतात. त्या महोत्सवाचा पहिला मोठा मान सिंहली चित्रपटाचा आहे, हे पणजीच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असायला हवं.

एकट्या दिग्दर्शकाच्या जिद्दीवर चित्रपटसृष्टी उभी राहत नाही, याची जाण लंकेला लवकर आली. साठच्या दशकात चौकशी आयोग बसला, आणि १९७२ मध्ये सरकारी चित्रपट महामंडळ स्थापन झालं. परदेशी चित्रपटांची आयात आणि वितरण महामंडळाच्या हाती गेलं. निर्मात्यांना कर्जं मिळू लागली, स्वदेशी चित्रपटांना पडदा मिळू लागला. सत्तरच्या दशकात धर्मसेन पतिराज, वसंत ओबेसेकर, सुमित्रा पेरीस अशी नवी नावं पुढे आली ती या आधारामुळे. पण एकाच हाती सगळ्या चाव्या गेल्या की जे होतं तेही झालं. पुरा झालेला चित्रपट प्रदर्शनाच्या रांगेत वर्षानुवर्षं पडून राहायचा. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. सरकारी आधाराशिवाय लहान भाषेचा सिनेमा उभा राहणं फार कठीण, आणि त्या आधाराच्या कारभारावर लक्ष ठेवायला जागता प्रेक्षक हवा. मराठी चित्रपटाच्या अनुदानाचं बोलताना आपण पहिली अर्धी गोष्टच बोलतो.

आता मी त्या पानाकडे येतो ज्यावर मला सर्वांत जास्त थांबायचं आहे.

सिंहली सिनेमा सिंहली माणसांनी एकट्यानं घडवला नाही. पेरीस यांच्या ‘संदेशय’चे निर्माते के. गुणरत्नम हे तमिळ. ‘निधानय’ हा पेरीस यांचा १९७२ चा चित्रपट. गुप्तधनासाठी मानेवर चार तीळ असलेल्या स्त्रीचा बळी द्यायचा म्हणून तिच्याशी लग्न करणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे. गामिनी फोन्सेका आणि मालिनी फोन्सेका यांनी ती अजरामर केली, आणि तिचं छायाचित्रण एम. एस. आनंदन यांचं. संगीतात, छायाचित्रणात, रसायनशाळेत, वितरणात तमिळ आणि मुस्लिम हात सर्वत्र होते. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध हिंसाचार उसळला, तेव्हा हेंडला इथला गुणरत्नम यांचा विजया स्टुडिओ जाळला गेला. सिंहली चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या के. वेंकट यांना जमावानं ठार मारलं. गुणरत्नम यांची पुढे १९८९ मध्ये हत्या झाली. स्टुडिओबरोबर तिथे ठेवलेल्या सिंहली चित्रपटांच्या निगेटिव्हही जळाल्या. ज्या भाषेच्या अभिमानाच्या नावानं ही आग लावली गेली, त्याच भाषेची पडद्यावरची स्मृती त्या आगीत गेली. भाषेच्या अस्मितेवर आपणही प्रेम करतो. म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम तुमच्यापुढे ठेवतो आहे.

याआधी पतिराजांनी काय केलं होतं पाहा. सत्तरच्या दशकात ते जाफना विद्यापीठात शिकवत होते, आणि तिथे त्यांनी ‘पोन्मणि’ हा चित्रपट तमिळ भाषेत केला. हुंड्याचा, जातीचा, एका घरातल्या मुलींच्या कोंडीचा विषय. सिंहली दिग्दर्शक, तमिळ नट, तमिळ घर. तो फार चालला नाही. पण दोन समाजांमध्ये दरी वाढत असताना एक कलावंत दुसऱ्याची भाषा घेऊन त्याच्या अंगणात जाऊन बसला, याचं मोल मी तिकीटखिडकीवर मोजणार नाही.

पुढे यादवी युद्धाच्या वर्षांत ही परंपरा प्रसन्न वितानगे यांनी चालवली. ‘पुरहंद कळुवर’ मधला आंधळा म्हातारा बाप वन्निहामी, अभिनेते जो अबेविक्रम यांनी उभा केलेला. सैन्यात गेलेल्या मुलाची मोहोरबंद शवपेटी घरी येते. सगळे रडतात. बाप म्हणतो, माझा मुलगा यात नाही. भरपाईच्या कागदावर तो अंगठा उठवत नाही. शेवटी तो पेटी उकरून काढायला निघतो, आणि गाव त्याच्यामागे. १९९७ मध्ये तयार झालेल्या या चित्रपटावर २००० मध्ये सरकारनं बंदी घातली. वितानगे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. चित्रपट प्रदर्शित करण्याचा आदेश निघाला. युद्ध चालू असताना, लहान देशात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे, हे करायला काय लागतं याचा विचार करा.

त्यांच्याच ‘ओब नथुव ओब एक्क’ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेला एक सिंहली सावकार आणि उत्तरेतून विस्थापित होऊन आलेली तमिळ मुलगी सेल्वी यांची गोष्ट आहे. दस्तयेवस्कीच्या कथेवरून घेतलेली. सेल्वीचं काम केलं आपल्या नाशिकच्या अंजली पाटील यांनी, आणि २०१२ मध्ये गोव्याच्या महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्यमयूर मिळाला. तमिळांवरच्या अन्यायाकडे इतक्या सरळ नजरेनं पाहणारा हा चित्रपट २०१४ मध्ये चेन्नईत मात्र धमक्यांमुळे थांबवावा लागला. केवळ दिग्दर्शक सिंहली, एवढ्या कारणानं. ही गोष्ट भारतात घडली, आणि तिच्याविरुद्ध आपल्या चळवळीनं जेवढा आवाज उठवायला हवा होता तेवढा उठवला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही वितानगे यांनी भारताकडे पाठ फिरवली नाही. २०२३ च्या ‘पॅरडाईज’ मध्ये रामायणातली स्थळं पाहायला लंकेत गेलेलं एक मल्याळी जोडपं आहे. देश दिवाळखोरीत, पेट्रोलला रांगा, वीज नाही. पाहुण्यांच्या खोलीतून लॅपटॉप-फोन चोरीला जातात, पाहुणा पोलिसांकडे धरणं धरून बसतो, आणि त्या हट्टापायी एका गरीब तमिळ तरुणाचा जीव जातो. बड्या शेजाऱ्याचा नागरिक लहान देशात कसा वागतो, हे त्यांनी आपल्याच नटांकडून आपल्याला दाखवलं. बुसानच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. प्रत्येक मंडळानं तो दाखवावा.

शेजारधर्माची चांगली उदाहरणंही आहेत, आणि त्यांतली बरीच आपल्या दारात आहेत. ‘निधानय’ची मूळ निगेटिव्ह हरवलेली. २०१३ मध्ये बोलोन्यात त्याचं पुनरुज्जीवन झालं, तेव्हा लंकेतल्या प्रतीबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली दुय्यम निगेटिव्हही कामाला आली. तेव्हा पेरीस हयात होते. २०१८ मध्ये वयाच्या नव्याण्णव्या वर्षी ते गेले. सुमित्रा पेरीस यांचा दिग्दर्शिका म्हणून पहिला चित्रपट ‘गेहेणु लमयि’ १९७८ चा, दोन मुलींच्या वयात येण्याचा आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या शिक्षेचा. तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं नव्यानं उजळवला आणि २०२५ मध्ये कानच्या क्लासिक्स विभागात तो झळकला. सुमित्राताई २०२३ मध्येच गेल्या, त्यांना तो पाहता आला नाही. २००५ मध्ये ‘सुळंग एनु पिणिस’साठी कानचा कॅमेरा द’ओर वाटून घेणारे विमुक्ति जयसुंदर हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. म्हणजे लंकेच्या सिनेमाची एक निगेटिव्ह, एक पुनरुज्जीवन आणि एक दिग्दर्शक, तिन्ही महाराष्ट्रात सापडतात. आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे थोडेच भाग हाती उरले, आणि फाळके तर आपलेच. गमावणं म्हणजे काय ते आपण जाणतो.

म्हणून संमेलनापुढे मी तीन ठराव ठेवतो. पहिला, येत्या वर्षात प्रत्येक मंडळानं लंकेचे किमान दोन चित्रपट दाखवावेत, एक सिंहली आणि एक तमिळ. दुसरा, ‘गम्पेरलिय’, ‘निधानय’ आणि ‘गेहेणु लमयि’ यांना मराठी उपशीर्षकं मिळावीत, त्यासाठी सर्व मंडळांनी मिळून निधी उभारावा. भाषांतराचं काम करायला आपल्याकडे माणसं आहेत, इंग्रजीवरून केलं तरी सुरुवात होईल. तिसरा, पुण्याच्या संग्रहालयात शेजारी देशांच्या कोणत्या प्रती आणि निगेटिव्ह आहेत, त्यांची यादी लोकांसाठी खुली करावी, आणि ती त्या त्या देशांच्या संस्थांना कळवावी, अशी विनंती या संमेलनाच्या वतीनं करावी. ठरावांचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात. लंकेच्या उत्तरेतल्या तमिळ चित्रपटांची निवड कशी करायची याबद्दल मला तुमच्याकडून ऐकायचं आहे, कारण तिथे आपला अभ्यास सर्वांत कमी पडतो.