परिचारिका भगिनींचे पुढील शिक्षण



सातारा-सांगली भागाला परिचर्या नवी नाही. नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले.

आज आपल्या कितीतरी लेकी जीएनएम होऊन घर सावरीत आहेत. परंतु पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा म्हटले, की उत्तर येते, "आता या वयात कशाला, दादा?" काही मंडळी याला आळस म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ. नाइट ड्यूटी सांभाळून तो होत नाही. खाजगी दवाखान्यात एवढी रजा मागायची म्हणजे नोकरीवरच पाणी सोडायचे. शिवाय पदवी घेऊन त्याच वॉर्डात, त्याच पगारावर उभे राहायचे असेल तर उत्साह यावा कोठून? आम्ही बँकेतले कारकून सीएआयआयबीची परीक्षा देतो ती वेतनवाढ मिळते म्हणून, केवळ ज्ञानासाठी नव्हे! तरीही पदवीने शिकविण्याची वाट खुली होते, पुढे एम.एस्सी. करता येते, हे भगिनींनी ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले. आपल्या संस्थेने निदान दोन भगिनींना या दोन वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. कागदपत्रांचे आम्ही पाहू. मुले सांभाळण्याबद्दल सासूबाईंशी बोलायला मात्र महिला मंडळानेच जावे.