पद्मिनीला इंजिन कुठलं बसवायचं?

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावर, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं असेल, ते श्रोत्यांना सांगायला नको. अशा पुरातून निघालेल्या गाडीची चावी घाईने फिरवली, की इंजिन जाण्याचीच शक्यता फार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर चढला की कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी न लावता गाडी तशीच महिनोन्‌महिने ठेवली, तर गंज धरून पिस्टन जागच्या जागी चिकटतो. मिस्तरी म्हणतात, इंजिन जाम झालं.

पूर नसला तरी ही वेळ येतेच. अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली आजोबांची गाडी रस्त्यावर आणायची ठरते, रंगाचं, सीटच्या कापडाचं बोलणं होतं, आणि गाडं अडतं ते बॉनेट उघडल्यावर. आहे तेच इंजिन बांधायचं, की दुसरं बसवायचं?

प्रीमियर पद्मिनीचंच उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी म्हणजे मूळ फियाट ११००. पद्मिनी हे नाव तिला १९७०च्या दशकात मिळालं. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या मानाने अगदीच साधं, आणि म्हणूनच उघडून पुन्हा बांधता येणारं.

सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या एखाद्या गॅरेजात अशी गाडी टोचन करून नेली, तर जाणता मिस्तरी लगेच नव्या इंजिनाचं नाव काढत नाही. फिरणारं इंजिन असेल तर तो प्लग काढून तिथे प्रेशर गेज लावतो आणि सेल्फ मारतो. एका सिलिंडरचा दाब कमी आला, की त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, नाहीतर हेड गास्केट गेलेलं. पहिल्या दुखण्यावर बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतो किंवा स्लीव्ह बसवता येते. दुसऱ्यासाठी हेड उतरवावं लागतं. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर मात्र दुसरं इंजिन शोधायला निघायचं.

त्यात सर्वांत सरळ वाट म्हणजे भंगारात निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीचं इंजिन. माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, सगळं जागच्या जागी बसतं. त्यापुढचा मोह प्रीमियरच्याच ११८ एनईचा. १९८५च्या सुमारास आलेल्या त्या गाडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. ताकद जास्त, पण मग गिअरबॉक्सपासून सायलेन्सरच्या पाइपापर्यंत सगळी जोडणी नव्याने करावी लागते. डिझेल इंजिन घातलं तर पुढचं वजन वाढतं, थरथर वाढते, आणि जुने ड्रम ब्रेक व स्प्रिंगा तो भार पेलतील का, हेही बघावं लागतं.

इंजिन बदललं म्हणजे काही पाप झालं असं नाही. खुद्द कंपन्यांनीच ते केलं आहे. पद्मिनी पुढे डिझेलमध्येही आली. अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश बनावटीचं होतं. १९९०च्या दशकात तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आलं.

आता प्रश्न कागदांचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. त्यातून जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी, आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नकोत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज वापरता येत नाही, भाड्याने तर नाहीच.

म्हणजे १९७०च्या दशकातल्या पद्मिन्या आत्ता कुठे या दाराशी येताहेत. दर रविवारी डुमसच्या समुद्रकिनारी फिरायला जायचं असेल, तर मालकाने आरटीओत रीतसर नोंद करून निसानचं इंजिन घालावं. ‘व्हीए’ची पाटी हवी असेल, तर जुन्या ब्लॉकला आधी लेथवाल्याकडे पाठवावं. दोन्ही हवं म्हणणाऱ्याला मिस्तरी उत्तर देत नाही. तो रॉकेलच्या फडक्याने ब्लॉकवरची काजळी पुसतो, ठोकलेल्या नंबरावर कागद धरतो, त्यावरून पेन्सिल फिरवतो आणि उमटलेले आकडे मालकाच्या आरसी बुकाशी एकेक करून ताडून बघतो.