गावचा रस्ता आणि चालणारा माणूस



गावचे रस्ते कसे असावेत या विषयावर नगररचनेचा कोणी तज्ज्ञ बोलावायचा सोडून चालकांनी युनियनच्या माणसाला का उभे केले, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. माझी हयात रस्त्यावर पोट असणाऱ्यांच्या सभा घेण्यात गेली, एवढीच माझी पात्रता. हमाल, हातगाडेवाले, रिक्षावाले यांची मोजदाद नकाशावर सहसा कोणी करीत नाही.

आपल्या आटपाडीत रस्त्यावरून गप्पा निघाल्या की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रस्ते रुंद करा, हातगाडे उठवा, मोटारींना जागा करा. दुसरा म्हणतो, पेठेत मोटार नकोच. पहिल्या पक्षाला मी हसत नाही. टेंभूचे पाणी आले, डाळिंबाने हातात पैसा दिला, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखी गेलेली माणसे यात्रेला स्वतःच्या मोटारीतून येऊ लागली. ज्याचा आजा खरसुंडीच्या यात्रेला उन्हातान्हात पायी गेला, त्याने मोटार घेतली तर नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला? पण शनिवारच्या बाजारात घटकाभर उभे राहून पाहा. झऱ्याचा, निंबवड्याचा माणूस एसटीने नाही तर वडापने येतो, आणि एकदा उतरला की त्याचा सारा व्यवहार पायी. मेंढरे चालतात, त्यांच्यामागे धनगर चालतो, आणि मोटारीतून आलेले पाहुणेसुद्धा भाजी घ्यायला खालीच उतरतात. रस्ता कोणाच्या मापाने आखायचा, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

दुसऱ्या पक्षाचे लोक माथेरानचा दाखला देतात. तो दाखला मला नीट तपासायचा आहे.

माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब यांनी हवा खाण्याचे ठिकाण म्हणून पुढे आणले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या खटपटीने नेरळहून वर छोटी आगगाडी गेली. मोटार मात्र दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला आणि रुग्णवाहिका व बंब यांसारखे अपवाद सोडून गावात वाहनांना मज्जाव केला. लाल माती, दाट झाडी, कानाला भोंगा नाही. मुंबईचा पाहुणा म्हणतो, काय हे सुख!

पण या पाहुण्याचे सामान, वाण्याचे पोते आणि गुडघे गेलेली म्हातारी, हे सारे नाक्यावरून बाजारापर्यंत कसे जाई? घोड्यावरून, डोक्यावरून आणि हातरिक्षेतून. माणूस बसलेला आणि माणूसच ओढतो आहे, चढावर मागून दुसरे रेटताहेत! अशा परवान्याच्या रिक्षा ९४ होत्या. मोटारबंदी योग्यच होती, असे माझे मत आहे. ओझे मात्र बंद झाले नव्हते. ते इंजिनावरून माणसाच्या फासळ्यांवर आले, एवढेच.

विजेवरची रिक्षा द्या, अशी मागणी ओढणाऱ्यांनीच केली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांचेही पोटच होते, त्यांना मी खलनायक म्हणणार नाही. पुढे रिक्षांच्या वाटपावरही तक्रारी झाल्या, की ओढणारा बाजूला राहतो आणि लाभ भलत्याला मिळतो. हा अनुभव आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना करा. पैसा नाही ही सबब चालणार नाही. त्या निकालात न्यायालयाने पंजाबातील आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या १९८० सालच्या खटल्याची आठवण काढली. तेव्हा सायकलरिक्षावाल्याला कर्ज देऊन मालक करण्याचा मार्ग न्यायालयाने दाखविला होता. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली!

आता आपल्या पेठेकडे या. शनिवारी सकाळपासून पेठेत मोटार नको, असे मीही म्हणतो. व्यापारी म्हणतील, गिऱ्हाईक विट्याला जाईल. आठवड्याची मिरची-ज्वारी घ्यायला कोणी विट्याला जात नाही. ती भीती मला खरी वाटत नाही. माझी भीती वेगळी आहे. टेम्पो दोनशे पावले अलीकडे थांबवलात, तर प्रत्येक पोत्यामागे ती दोनशे पावले हमालाच्या पाठीवर येतील. ती मजुरी कोण देणार? माल पहाटे उतरवायचा की ढकलगाडी द्यायची? वडापचा थांबा हलवला, तर बाळंतिणीने दवाखान्यापर्यंत किती चालायचे? हे ठरले की मग खुशाल पाटी लावा.

हातगाडेवाल्यांबद्दल म्हणाल, तर २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा सांगतो की आधी पाहणी करा, तोवर कोणाला उठवू नका. आणि नगर फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के सभासद फेरीवालेच असले पाहिजेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे दोन्ही हक्क एकाच आठ फुटांत बसवायचे आहेत, आणि ते काम चुन्याची फक्की मारून होणारे नाही.

गाव आता नगरपंचायतीचे झाले आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नगरपंचायतीला विकास आराखडा करावा लागतो, आणि तो वीस वर्षांच्या हिशेबाने होतो. आज पाळण्यात असलेली पोर त्या नकाशावरच्या रस्त्याने कॉलेजात जाईल. इमारतीत मोटारी किती उभ्या राहाव्यात, याचे कोष्टक सरकारी नियमावलीत तयार आहे. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईने सावलीत कुठे टेकावे, याचे कोष्टक मला त्यात सापडले नाही; ते आपल्यालाच लिहून द्यावे लागेल.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. हरकत लेखीच लागते. ज्याला लिहिता येत नाही, त्याची मी लिहून देईन, पोच घेऊन देईन. संध्याकाळी सहानंतर या. शनिवार तेवढा सोडून, कारण त्या दिवशी मीही बाजारात असतो.